ठरलं नाही, तरी वकिलांना भेटता येतं

"ताई, अजून माझंच काही ठरलं नाहीये. मग वकिलांकडे जाऊन सांगू तरी काय?"

समुपदेशक म्हणून या उन्हाळ्यात हा प्रश्न मी चौथ्यांदा ऐकला. इंदूरच्या मराठी घरांतून पुण्याला दिलेल्या मुली खूप. संसारात बिनसलं की मे महिन्यात मूल आणि दोन बॅगा घेऊन माहेरी येतात. "सुट्टीला आलीये" असं शेजारी सांगितलं जातं. शाळा उघडायची वेळ आली की घरातलं कुणीतरी वकिलांचा नंबर काढतं, आणि इतके दिवस दाबून ठेवलेली भीती वर येते.

माधवी (नाव बदललंय, तपशीलही) अशीच आली. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मुलगा आठ वर्षांचा. भाऊ सोबत होता, आणि मी काही विचारायच्या आत त्याने सांगून टाकलं, "आम्हाला घटस्फोट घ्यायचाय. शनिवारी वकिलांची वेळ घेतलीये." माधवी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी दादांना बाहेर बसायची विनंती केली. वकिलांकडेही हेच करा असं मी प्रत्येकीला सांगते. सोबत कुणी जरूर न्यावं, पण बोलताना आत आपण एकटंच असावं. भाऊ बोलायला लागला की वकिलांना भावाचा राग कळतो, बहिणीचं म्हणणं राहून जातं.

दार लागल्यावर ती म्हणाली, "आई रोज म्हणते, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी चढले तर घर मीच मोडलं असं होईल ना?"

"वकिलांची खोली म्हणजे कोर्ट नाही," मी म्हटलं. "आणि कोर्टात गेलात तरी १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यानुसार आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचंच काम आहे."

तिने पिशवीतून तीन वह्या काढल्या. सगळं लिहिलेलं होतं: कुठल्या दिवाळीला काय बोललं गेलं, पगाराचं कार्ड कुणी काढून घेतलं, कुणासमोर अपमान झाला. मी पुढच्या दोन भेटी त्या वह्याच ऐकल्या. हे ऐकणं वाया जात नाही यावर माझा विश्वास आहे. दुःख एकदा नीट ऐकलं गेलं नाही, तर ते वकिलांच्या अर्ध्या तासात सांडतं आणि कामाचं बोलायचं राहतं.

ऐकता ऐकता माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि तीच पुढे सगळ्यात उपयोगी पडली. तीन वह्यांमधल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याचा कर्ता 'तो' होता, नाहीतर 'सासूबाई'. मी तिला कोरा कागद दिला. "यावर फक्त 'मला' ने सुरू होणारी वाक्यं लिहा."

बराच वेळ कागद कोराच राहिला. मी मुद्दाम काही बोलले नाही. समुपदेशकाला गप्प बसता आलं पाहिजे, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. शेवटी तिने लिहिलं, 'मला माझा पगार माझ्या हातात हवा.' खाली, 'मला मुलाची शाळा जूनच्या आत नक्की करायची आहे.' मग पेन थांबलं, डोळे भरले, आणि तिसरी ओळ आली: 'मला परत जायचं की नाही, हे मला अजून माहीत नाही.'

"हे असं वकिलांना सांगायचं?" तिने विचारलं.

"हेच सांगायचं. अगदी याच शब्दांत."

ती रडली, पण त्या रडण्यात सुटका होती. माणसाला अडचणीपेक्षा स्वतःवर लादलेला 'पाहिजेच' जास्त छळतो, असं मी मानते. माधवीचा 'पाहिजेच' होता: निर्णय करूनच गेलं पाहिजे. तो गळून पडला आणि उरलं ते साधं काम. ते आम्ही एका बैठकीत उरकलं.

वह्या घरी ठेवल्या. एका पानावर तारखा: लग्न, मुलाचा जन्म, कुठे कुठे राहिलो, माहेरी कधी आलो. लग्नाचा दाखला, नसेल तर पत्रिका आणि फोटो. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, मुलाच्या फीच्या पावत्या, स्त्रीधनाची यादी. प्रती न्यायच्या, मूळ कागद आपल्याकडे ठेवायचे. पैशांचे कागद महत्त्वाचे, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर सांगावी लागतात. नवऱ्याचा फोन चोरून उघडायचा नाही, आपले मेसेज पुसायचे नाहीत. स्वतःची चूक असेल तर तीही सांगायची. वकील ती गुप्त ठेवायला कायद्याने बांधलेले असतात, आणि ती त्यांना समोरच्या पक्षाकडून कळणं फार महागात पडतं. फी कशाची किती, हे स्पष्ट विचारायचं. मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणं वकिलांना नियमानेच मना आहे. कोऱ्या कागदावर सही नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन केला तरी माहिती मिळते.

एक मात्र बजावते: घरात मारहाण असेल तर ही तयारी करत बसू नका, आधी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लावा.

माधवीने तीनच प्रश्न लिहून नेले. केस करायची झाली तर पुण्याला खेटे घालावे लागतील का? घटस्फोट न मागता खर्च मागता येतो का? आत्ता काहीच दाखल केलं नाही तर माझं काय नुकसान?

पुढच्या सोमवारी ती आली ती सरळ खुर्चीत टेकून बसली. वकिलांनी पहिलाच प्रश्न केला होता, "काय ठरलंय?" तिने तिसरी ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत," आणि एकेक वाट समजावत गेले. हिंदू विवाह कायद्यात २००३ पासून पत्नीला ती राहते तिथेही अर्ज करता येतो, म्हणजे इंदूरलाही. पोटगी घटस्फोटाशिवायही मागता येते. संमतीने वेगळं व्हायचं तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, त्यावर सहा महिने थांबावं लागतं. ते सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिने कागदावर उतरवून आणलं होतं, ते मला वाचायला दिलं.

बाहेर बाकावर दादा वाट बघत होता म्हणे. "मग केस कधी टाकायची?"

"सांगते," ती म्हणाली, "आधी शाळेत जाऊन येऊ."