चिठ्ठीवर औषधाऐवजी जेवण लिहून दिलं तर?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सासूबाईंना बरीच वर्षं डायबेटिस आहे. दर वेळी डाएटचा छापील कागद मिळतो, हे खा ते टाळा, पण महिनाअखेरीस घरात असेल तेच सगळे खातो आणि त्या तर "मला भूक नाही" म्हणून आपलं ताट नातवंडांकडे सरकवतात, गोळ्या मात्र टाइमावर. काही ठिकाणी म्हणे डॉक्टर खाणंच लिहून देतात आणि ते फुकट मिळतं, खरं का? त्याने शुगर उतरते का?

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं बघू, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पोटात काही नसेल तर शुगर एकदम खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि वयस्कर माणसाचं हे थकवा समजून राहूनच जातं. गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्या, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटल. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. तेव्हा गोळीचं नाव बघा आणि जेवण चुकतं हे डॉक्टरांना सांगा, डोस मनाने बदलू नका. कॅलिफोर्नियात हॉस्पिटलच्या नोंदी तपासल्या तर गरीब लोक शुगर खाली जाऊन अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्यापेक्षा २७ टक्क्यांनी जास्त निघालं. पैसे संपले की जेवण संपतं, गोळ्या चालूच.

आता तुमचा प्रश्न. हो, खरं आहे आणि नवीनही नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात डॉ. जॅक गायगर कुपोषित मुलांना चक्क अन्न लिहून द्यायचे आणि दुकानदाराचं बिल दवाखान्याच्या औषधाच्या पैशातून जायचं. वरचे साहेब भडकले, तर हे म्हणाले पुस्तकात कुपोषणावर औषध अन्नच दिलंय!

शुगरचं म्हणाल तर जरा सबुरीने घ्या. अमेरिकेतच २०२३ला छापून आलेल्या एका ट्रायलमध्ये डायबेटिस आणि घरात खाण्याची ओढाताण असलेल्यांना आठवड्याला दहा जेवणांचं सामान दिलं, वर आहारतज्ज्ञही. सहा महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा टक्क्यांतला आकडा, १.५ने उतरलं, छानच, पण ज्यांना अजून सामान मिळालंच नव्हतं त्यांचंही १.३ने उतरलं होतं, म्हणजे फरक नावालाच. तरी मला त्यातली एक गोष्ट पटते, सामान अख्ख्या घराला पुरेल इतकं होतं. एकट्या पेशंटपुरतं दिलं तर तुमच्या सासूबाई तेही सरकवणारच ना! आणि किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे काही फळंभाज्याही जपूनच, त्यामुळे सगळ्यांना एकच पिशवी चालत नाही.

पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर तुम्ही जा. छापील कागद परत द्या आणि म्हणा, घरात महिनाअखेरीस एवढंच असतं, यातलं काय किती द्यायचं ते लिहून द्या. दवाखान्यात समाजसेवक बसत असतील तर मदतीच्या योजनांचं त्यांना विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही, खरं तर हे आम्हीच विचारायला हवं.