महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना गिरणगावाचा इतिहास कसा शिकवावा?

लोअर परळच्या महापालिका शाळेत तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात, पाचवीच्या मुलांना त्यांच्या वस्तीचा, म्हणजे कापड गिरण्यांभोवती वसलेल्या गिरणगावाचा इतिहास सांगायचा आहे आणि सुरुवात कुठून करावी, असं विचारलं आहे. मी याच भागातल्या एका महापालिका शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. माझं उत्तर एकच. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असलेली वही, उघडा.

आपल्याला ते फक्त शाळा सोडल्याचा दाखला देताना लागतं. एकदा एका गृहस्थांच्या दुबार दाखल्यासाठी मी तशीच पानं चाळत होते. जन्मस्थळाच्या रकान्यात संगमेश्वर, पाटण, मालवण, जावळी. शाळा सोडल्याच्या कारणात मात्र 1982 नंतर एकाखाली एक ‘गावी गेल्यामुळे’, ‘गावी गेल्यामुळे’. 18 जानेवारी 1982ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, हे मला तोंडपाठ होतं. पण त्या संपात आमच्याच शाळेचे बाक कसे रिकामे होत गेले, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

रजिस्टर मुलांच्या हातात देऊ नका. त्यात नावं आणि जाती असतात. फक्त गावं कागदावर उतरवून घ्या आणि महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर लावा. मुलं आपापलं गाव शोधतात आणि कोकण नि घाट या वस्तीत कसे आले, हे त्यांचं त्यांनाच उमगतं.

मग घरी काय आहे ते विचारा. माझ्या वर्गातल्या एका मुलीने आजोबांचा धोटा, मागावर आडवा धागा नेणारं लाकडी साधन, आणला होता. तेलाने काळपट झालेलं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, मधल्या पोकळीत अजून दोऱ्याचा तुकडा. सगळ्या वर्गाने तो हातात घेऊन पाहिला. त्या दिवशी साचाखातं (मागांचा विभाग), तिसरी पाळी, बदली कामगार (गैरहजर माणसाच्या जागी येणारा), भोंगा हे शब्द मला फळ्यावर लिहून समजवावे लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिची आजी स्वतः आली आणि खाणावळीत एका वेळी किती जणांची पंगत बसायची, पाळी बदलली की एकाच वळकटीवर दुसरा कसा झोपायचा, ते सांगत राहिली. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

मुंबईच्या सात बेटांपासून सुरुवात करू नका. मुलांना जे रोज भेटतं, तिथून मागे जा. रविवारी सुट्टी का असते? नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि 10 जून 1890ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात, कारण ती सुट्टी त्यांची स्वतःची आहे. फिनिक्सचा मॉल त्यांना ठाऊक असतो. तिथे आधी फिनिक्स मिल होती, हे तिथेच उभं राहून सांगा. बाबासाहेब परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीत राहत, तेही चालत दाखवता येतं.

आणि कवी नारायण सुर्वे विसरू नका. गिरणी कामगाराने सांभाळलेलं हे पोर महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई झालं, नंतर शिक्षक, आणि 1998मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी हे ऐकलं तेव्हा ते दाराशीच थांबून पुढचा सगळा तास ऐकत होते.

हे याच वर्षी करा. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळी पाडून टॉवर होत आहेत, घरं बदलताना धोटे आणि गिरणीची कार्डं भंगारात जातात, आणि संपात उतरलेली बहुतेक माणसं आता म्हातारी झाली आहेत. रजिस्टरची पानं पिवळी पडून कडेला मोडतात, तेव्हा उलटताना खालून हात द्या.