जेवणं हळू पचतात हे कळलं, पण चार घासांतच पोट का भरतं?

तुमच्या आईंना जुना मधुमेह आहे, अन्न जठरातून किती वेगाने पुढे जातं हे पाहणाऱ्या स्कॅनमध्ये जठर मंद निघालं, गोळ्या सुरू आहेत, तरी चार घासांत पोट गच्च होतं. अन्न तुंबतं म्हणून त्रास होतो, हे अर्धंच खरं. चार घासांत तुंबायला वेळ तरी कुठे मिळाला?

जठराचा वरचा भाग जेवताना सैल होऊन अन्नाला जागा करून देतो. खालचा भाग ते दळतो; कण साधारण १-२ मिलिमीटरचे झाले की खालचं दार ते पुढे सोडतं. मधुमेहात नसांना इजा झाली की दोन्हींत बिघाड होऊ शकतो. वरचा भाग सैल झाला नाही, तर थोडक्या अन्नानेही आतला दाब वाढतो. जठर लवकर रिकामं करणारी गोळी इथे कमी पडू शकते. शिवाय काहींच्या नसा इतक्या हळव्या होतात की एरवी जाणवणारही नाही असा ताण दुखतो. म्हणून स्कॅनचा आकडा आणि त्रास यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही.

त्रासाची वेळ आठवडाभर लिहून ठेवा. जेवतानाच पोट भरलं, तर संशय वरच्या भागावर. सकाळच्या भाजीचे तुकडे संध्याकाळच्या उलटीत दिसले, तर खालचा भाग किंवा दार.

स्कॅन चार तासांचा होता ना, तेही बघा. चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर जठर मंद धरतात. त्या दिवशी साखर खूप चढलेली असेल तर निकालावर विसंबू नका. चढलेली साखरच जठर मंदावते. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड ही मधुमेहाची औषधं आणि ट्रामाडॉल हे वेदनाशामक, यांनीही तेच होतं. ही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका.

जेवण पाच-सहा वेळा, थोडं थोडं. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, घोटलेला दुधी चालतो. शेवग्याच्या शेंगा, मेथीचे देठ, संत्र्याच्या फोडींची सालं टाळा. त्यांच्या चोथ्याचा जठरात गोळा बसू शकतो. तुपातली, शेंगदाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी उपवासाची म्हणून हलकी समजतात, पण स्निग्ध अन्न आतड्यात पोचलं की तिथून जठराला ‘थांब’ असा निरोप जातो.

इन्सुलिन घेत असतील तर ते अन्नाच्या पुढे धावतं: जेवूनही साखर उतरते, मग उशिरा चढते. त्याची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पाणीही टिकेना किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.