"सही तिची, बाकी सगळं मी बघायचो"

नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं. मुलगी एसवायबीएला, विषय राज्यशास्त्र, बारावीला 81 टक्के आणि आता म्हणते मला राजकारणात जायचंय, खासदार व्हायचंय. तुमचं म्हणणं, आधी यूपीएससी करू दे, राजकारण चांगल्या घरातल्या मुलींचं काम नाही, उद्या स्थळं कशी येणार. यूपीएससी, एलएलबी, एमए ज्यात तिला रस असेल ते करू दे, त्यावर मी वेळ घालवत नाही.

मला खटकली ती तुमची मधलीच एक ओळ. मिसेस पाच वर्षं महिला राखीव जागेवर सरपंच होत्या आणि तुम्ही लिहिताय, "सही तिची, बाकी सगळं मी बघायचो." हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय हो! मी एकदा एका ग्रामपंचायतीत गेले होते, बाहेर बोर्डावर बाईंचं नाव, आत खुर्चीत त्यांचा नवरा, आणि सरपंचबाई कुठायत विचारलं तर त्याच चहाचा ट्रे घेऊन आल्या. तुमच्या घरी मुलीने पाच वर्षं हेच बघितलं. तिला राजकारण घाण वाटत नाहीये, आईच्या खुर्चीत तुम्ही बसलात हे तिला खुपतंय, असा माझा अंदाज आहे. विचारून बघा एकदा.

दुसरं, तुम्ही म्हणता आता लोकसभा-विधानसभेत महिलांना 33 टक्के आरक्षण आलंच आहे, जायचंच असेल तर पुढे सहज जाईल. नाही जाणार. 1996 ला पहिल्यांदा विधेयक मांडलं गेलं, घटनादुरुस्ती व्हायला 2023 उजाडलं, आणि तीही जनगणना आणि मग मतदारसंघांची फेररचना याला बांधून ठेवली. 2024 ला लोकसभेत 543 पैकी 74 बायका निवडून आल्या, 2019 ला 78 होत्या, म्हणजे कमीच झाल्या. महाराष्ट्रातून 48 पैकी सात, आणि त्या सातातल्या पाच जणींचे वडील, सासरे नाहीतर नवरा आधीच आमदार-खासदार. त्या काम करत नाहीत असं मी म्हणत नाहीये, पण आरक्षणाने जागा राखीव होते, तिकीट पक्षच देतो, आणि पक्ष बघतो पैसा कोणाचा, घराणं कुठलं. लोकसभेची खर्चाची मर्यादाच 95 लाख आहे, बोला.

मग काय करायचं? समाजवादी नेत्या मृणाल गोरे मेडिकलचं शिक्षण सोडून कामात उतरल्या, गोरेगावच्या ग्रामपंचायतीपासून सुरुवात, पाण्यासाठी मोर्चे काढून काढून पाणीवाली बाई हे नाव पडलं, मग महापालिका, विधानसभा आणि 1977 ला थेट लोकसभा. शिक्षण सोडा असं अजिबात म्हणत नाहीये मी (उद्या मलाच फोन कराल!), पण सुरुवात गावातूनच होते. ग्रामपंचायतीला उभं राहायला 21 पूर्ण लागतात, लोकसभेला 25. तोवर तिला प्रत्येक ग्रामसभेला जाऊ दे, बजेट वाचू दे, आणि आईला बरोबर नेऊ दे. तुम्ही घरी थांबा, चहा करून ठेवा.

आणि हो, वीस वर्षांची आहे म्हणता, तर तिचं नाव मतदार यादीत आहे का? गावच्या यादीत नाव नसेल तर ग्रामपंचायतीला उभंच राहता येत नाही. नसेल तर या आठवड्यात मतदार नोंदणीचा फॉर्म 6 भरा, ऑनलाइन होतो. म्हणजे तिलाच भरू दे, तुम्ही नका भरू.