डिसेंबरमध्ये ग्रुप टूरने जर्मनीतलं ऱ्हाइन नदीचं खोरं बघण्यात मजा आहे का?

आहे, पण आधी कंपनीला विचारा: बोट नक्की आहे का? हिवाळ्यात नेहमीच्या प्रवासी बोटी बहुतेक बंद असतात. नसली तरी हिरमुसू नका. माइंझ ते कोब्लेंझ लोकल ट्रेन डाव्या काठाने, अगदी नदीलगत धावते. उजवीकडची खिडकी पकडा! पानं गळल्यामुळे किल्ले आणि द्राक्षमळ्यांचे उतार स्पष्ट दिसतात, लोरेलाईचा १३२ मीटर उंच कडाही दिसतो. हा पट्टा २००२ पासून जागतिक वारसा आहे. अंधार मात्र साडेचारच्या सुमारास पडतो, म्हणून खोरं सकाळी ठेवणारीच टूर घ्या. संध्याकाळी ख्रिसमस बाजार. त्यातले बरेचसे नाताळच्या आधीच उठतात, त्यामुळे महिन्याचा पहिला पंधरवडा उत्तम. आई-बाबा सोबत असतील तर थर्मल आणि न घसरणारे बूट हवेतच.