डाव्या कानात आवाज नाही, वॉरंटी शिल्लक आहे, तरी सर्व्हिस सेंटर नाही म्हणतंय

म्हणजे वडिलांसाठी आठ महिन्यांपूर्वी ऑनलाइन घेतलेला एमपीथ्री प्लेअर डाव्या कानात वाजत नाही, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या पोराने उलटसुलट करून बघितला आणि 'फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही' म्हणून परत दिला, आणि साइटवाले म्हणतात रिटर्नची मुदत गेली. एकच प्रश्न, त्या पोराने हे कागदावर लिहून दिलं का? नसेल तर तुझा प्लेअर अजून रिजेक्ट झालेलाच नाहीये, त्याने तुला फक्त घरी पाठवलंय.

पण परत जायच्या आधी घरी एक गोष्ट बघ. साडेतीन एमएमच्या प्लगचं अगदी टोक असतं ना, तो डावा चॅनल. खिशात ठेवून ठेवून जॅकच्या भोकात तळाशी कापसासारखा कचरा दाबून बसतो, प्लग पूर्ण आत जात नाही आणि आवाज बिघडतो. प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढ, सुई किंवा सेफ्टी पिन अजिबात घालू नकोस, आत ओरखडा दिसला की त्यांना आयतं कारण मिळतं. मग दुसरा इअरफोन लावून बघ, कारण बऱ्याचदा इअरफोनच गेलेला असतो आणि त्याची वॉरंटी वेगळी, कमी दिवसांची असू शकते. प्लग हलवल्यावर आवाज येत-जात असेल तर जॅकचं सोल्डरिंग सुटलेलं असू शकतं, तिथे थांबायचं, खोलायचं नाही. आणि बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं असेल तर चार्जिंगला तर लावूच नकोस.

आता जॉबशीट, म्हणजे सेट जमा करताना सर्व्हिस सेंटर देतं ती पावती. मी एकदा असाच एक प्लेअर दिला होता, नशिबाने जमा करताना 'बॉडी ओके, डेंट नाही' असं लिहून घेतलं होतं. पंधरा दिवसांनी फोन, की साहेब कोपऱ्यात डेंट आहे, सातशे रुपये भरा. मी शीटचा फोटो पाठवला, दोन दिवसांत पीस बदलून मिळाला, सातशेचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. त्याच्या आधीचा किस्सा मात्र उलटा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात म्हणून घेतलेला पीस बाहेरून आणलेला निघाला, बिल कच्चं, भारतातली वॉरंटीच नाही, तो अजून ड्रॉवरमध्ये पडलाय :-)

तर तू पक्कं बिल (साइटच्या अकाउंटमधून डाउनलोड होतं), सिरीयल नंबर आणि चारी बाजूंचे फोटो घेऊन जा, गाणी आधी कॉपी करून ठेव, मेमरी कार्ड काढून घे, बदली पीस रिकामाच येतो. नाकारायचंच असेल तर कारणासकट लिहून द्या म्हणायचं, आवाज न चढवता. लिहून द्यायची वेळ आली की निम्मे लोक सेट जमा करून घेतात हा माझा अनुभव.

तरी ऐकलं नाही तर कंपनीला आणि साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला, दोघांना मेल टाक. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद कर, फुकट आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच, 2019 च्या कायद्यामुळे तू राहतोस तिथूनच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षं. पण दोन-तीन हजारांच्या प्लेअरसाठी तिथवर जायची वेळ सहसा येत नाही, हेल्पलाइनवरच्या नोंदीचा नंबर मेलमध्ये टाकला की बहुतेक वेळा हलतात.

आणि हो, बदली पीस मिळाला तर काउंटरवरच स्वतःचा इअरफोन लावून दोन्ही कानांनी ऐक, नवा सिरीयल नंबर शीटवर चढवून घे आणि वॉरंटी जुन्या तारखेपासून की नव्या हे विचार, मगच सही कर. बहुतेक ठिकाणी जुनीच चालू राहते, म्हणजे वर्षाची वॉरंटी असेल तर तुझ्याकडे चारच महिने.