बॉक्स भरलाय, आता काय उडवू? – वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहिलं होतं की टीव्हीवर रेकॉर्ड केलेलं वेळच्या वेळी उडवत जा, आणि त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेल आले की आमचाच बॉक्स भरला. म्हणून या वेळी फ्रिज, गीझर, इन्व्हर्टर सगळे बाजूला, फक्त रेकॉर्डिंग.

प्रश्न : आमच्याकडे ५०० जीबीचा रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स आहे. आईच्या चार मालिका, बाबांचं क्रिकेट, मुलीची कार्टून. दर रविवारी "जागा शिल्लक नाही" असं येतं आणि घरात महाभारत. मागच्या आठवड्यात कोणीतरी आईच्या मालिकेचे अकरा भाग उडवले, कोणी ते अजून कबूल केलेलं नाही. ५०० जीबी एवढ्यात कसं भरतं हो? – एक वाचक, सातारा

आधी हिशोब करू, म्हणजे गुन्हेगार आपोआप सापडेल. १ एमबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने येणारं) चित्र तासाला साधारण ४५० एमबी खातं, एवढं एकच लक्षात ठेवा. एचडी चॅनेल समजा ६ एमबीपीएसने येतंय (चॅनेलनुसार कमीजास्त असतं), तर अर्ध्या तासाचा एक भाग झाला १.३५ जीबी. आठवड्याला सहा भाग म्हणजे महिन्याला २६, म्हणजे एका मालिकेचे ३५ जीबी, आणि चार मालिकांचे १४०. आता बाबांकडे या. स्पोर्ट्स चॅनेलचं चित्र भारी असतं, ८ एमबीपीएस धरा, चार तासांची एक टी-ट्वेन्टी १४ जीबीच्या वर गेली, आणि पाच दिवसांची टेस्ट रोज सात तास अशी रेकॉर्डला लावली असेल तर एकट्या टेस्टचे १२६ जीबी. म्हणजे आईच्या चार मालिका महिनाभर एका बाजूला आणि बाबांची एक टेस्ट दुसऱ्या बाजूला, तराजू जवळपास सरळच राहतो! आणि वर ज्या मॅचचा निकाल सगळ्या सोसायटीला पाठ आहे ती पुन्हा बघणार कोण?

शिवाय ५०० जीबी लिहिलेले सगळे ५०० तुमचे नसतातच. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ने, त्यामुळे ५००चे ४६५च दिसतात. त्यातला काही भाग बॉक्स स्वतःसाठी ठेवतो, तुम्ही चालू कार्यक्रम पॉज करून कुकर बंद करायला जाता ना, ते पॉज केलेलं त्याच डिस्कवर कुठेतरी साठत असतं.

आता उडवायचं काय, तर माझं मत स्पष्ट आहे, मॅच आधी. बघून झाली की त्याच रात्री. मालिकांसाठी सेटिंगमध्ये "शेवटचे ५ भाग ठेवा" असा काहीतरी पर्याय असतो तो लावा, पाच भाग मागे पडलेला माणूस पुढे पंधरा मागे पडतो आणि मग बघतच नाही हा स्वानुभव आहे. दुसरं म्हणजे रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुपारी पुन्हा लागतो, आणि सिरीज रेकॉर्डिंग लावलं की बरेच बॉक्स ते रिपीटही इमानदारीत रेकॉर्ड करतात, म्हणजे एकच भाग तीनदा, ते रिपीट बंद करा. यादी उघडून बघा, मला खात्री आहे तुमचा अर्धा डबा यानेच भरलाय. आणि रोजच्या मालिकेला एचडी कशाला लागतं? तेच चॅनेल एसडीत (साध्या, कमी बारकाव्याच्या चित्रात) घेतलं तर जागा एक तृतीयांशच्या आसपास लागते. फक्त एसडी आणि एचडी ही दोन वेगळी चॅनेलं धरतात आणि पैसे वेगळे पडतात, तेव्हा पॅकमध्ये काय आहे ते बघून.

राहिलं कुलूप. रिमोटवर "कीप" किंवा लॉकचं बटण असतं, आईला हवं ते आईने लॉक करायचं. पण जपून, एका ताईंनी सगळंच लॉक केलं होतं, मग बॉक्सला उडवायला काही सापडेना आणि त्याने नवीन रेकॉर्डिंगच बंद केलं. काही बॉक्स भरले की जुनं आपोआप काढतात, काही नुसते थांबतात, तुमचा कोणत्या जातीचा आहे ते एकदा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. अकरा भागांचं म्हणाल तर कदाचित घरातलं कोणीच नाही, बॉक्सनेच उडवले असतील. बाबांना निर्दोष सोडा. टेस्टच्या बाबतीत मात्र नाही.

प्रश्न : नातवाने बॉक्सला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह लावून दिला. त्यावर मी महिनाभराची कीर्तनं घेतली आणि गावी बहिणीकडे नेली. तिच्या टीव्हीवर काहीच दिसेना. नातवाच्या लॅपटॉपला लावला तर तो म्हणतो फॉरमॅट करा. माझं काय चुकलं? – एक आजी, चिंचवड

आजी, तुमचं काही चुकलं नाही. आणि आधी ते "फॉरमॅट करा" विचारतंय ना तिथे नाही म्हणा, हो म्हटलंत तर महिनाभराची कीर्तनं पुसली जातील.

होतं काय, की पैसे भरून चालणारा बॉक्स जे रेकॉर्ड करतो ते कुलूपबंद करून लिहितो आणि किल्ली त्या बॉक्सच्याच पोटात असते. त्यामुळे तो पेनड्राइव्ह फक्त तुमच्याच बॉक्सला कळतो, बहिणीच्या टीव्हीला नाही, लॅपटॉपला नाही, अगदी त्याच कंपनीचा दुसरा बॉक्स आणला तरी नाही. नेटवर "कुलूप तोडून देतो" म्हणणारी सॉफ्टवेअर मिळतात, ती कृपया घेऊ नका, कीर्तन राहील बाजूला आणि लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरेल.

बहिणीकडे डीडी फ्री डिशचा साधा बाजारातला बॉक्स असेल तर मात्र गंमत उलटी आहे. त्याच्यावरची फुकट चॅनेलं कुलूपबंद नसतात, त्यामुळे अशा बऱ्याच बॉक्सवर पेनड्राइव्हवर घेतलेलं लॅपटॉपवर सरळ चालतं. फक्त पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून लांबलचक कार्यक्रमाचे तुकडे झालेले दिसतील, घाबरू नका, एकामागोमाग एक लावायचे.

नातवाला माझा निरोप द्या की रोज रेकॉर्ड करायला पेनड्राइव्ह नको, सतत लिहून लिहून तो लवकर मरतो आणि बऱ्याचदा एचडीच्या वेगाला पुरतही नाही. छोटी हार्ड डिस्क घ्यावी. बॉक्सच्या यूएसबीतून तिला पुरेशी वीज मिळाली नाही तर ती टक टक असा आवाज करत बसते, तसं झालं तर लगेच काढा आणि वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेली आणा. आणि लावायच्या आधी तिच्यावर फोटोबिटो नाहीत ना ते बघा, कारण बॉक्स पहिल्यांदा विचारतो तोच प्रश्न फॉरमॅटचा. एका घरात मुंजीचे सगळे फोटो असे गेलेत.

प्रश्न : पावसात लाइट गेली की रेकॉर्डिंग अर्धवट राहतं. छोटा यूपीएस लावला तर चालेल का? – एक वाचक, लांजा

लाइटपुरता चालेल, वायफायच्या राउटरसारखाच छोटा बघा, पण बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच. हार्ड डिस्कला धाडकन वीज जाणं मानवत नाहीच. पण कोकणातला पाऊस म्हणजे नुसती लाइट नाही ना. डिशचा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या मुसळधार पावसात मध्येच अडतात, मग बॉक्स चालू आणि चित्र गायब. त्याला यूपीएस काय करणार. जुलैमध्ये महत्त्वाचं काही असेल तर दुसऱ्या दिवशीचं रिपीटसुद्धा लावून ठेवा. (होय, वर मी रिपीट बंद करा म्हटलंय. ते साताऱ्यासाठी.)

आणि बॉक्सवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर गणपती ठेवला असेल तर दोन्ही उतरवा, आत डिस्क दिवसरात्र फिरत असते, तिला वारा लागतो.

प्रश्न : तंत्रज्ञ आला, बॉक्स खराब आहे म्हणाला, नवीन लावला आणि जुना घेऊन गेला. तीन वर्षांचं रेकॉर्डिंग गेलं. त्यात माझी मुलगी एका कार्यक्रमात दोन मिनिटं दिसली होती ते पण होतं. परत मिळवता येईल का? – एक वाचक, डोंबिवली

नाही मिळणार. गोड बोलून काही उपयोग नाही म्हणून सरळ सांगितलं. जुन्या बॉक्समधली डिस्क काढून नवीन बॉक्सला लावता आली असती तरी तिची किल्ली जुन्याच बॉक्सकडे. माझ्याकडेही हेच झालंय, मी तर त्या मुलाला चहा पाजत होतो आणि तो आमची पाच वर्षं पिशवीत घालून निघून गेला, मला कळलं संध्याकाळी.

मी तेव्हापासून एक धडा घेतलाय, की हा बॉक्स म्हणजे फ्रिज आहे, लोणच्याची बरणी नाही. आज ठेवायचं, चार दिवसांत संपवायचं. बऱ्याच ठिकाणी बॉक्स असतोही कंपनीच्याच मालकीचा, आणि कित्येक बॉक्स रिचार्ज संपला की आपलं जुनं रेकॉर्डिंगही दाखवत नाहीत. त्यात काही जपून ठेवायचं म्हणजे भाड्याच्या घरात जमिनीत हंडा पुरण्यासारखं आहे.

मुलीच्या दोन मिनिटांसाठी आधी त्या चॅनेलच्या अधिकृत अ‍ॅपवर आणि यूट्यूबवर तो भाग शोधा, बहुतेक मोठी मराठी चॅनेलं हल्ली भाग तिथे टाकतात. तारीख माहीत असेल तर काम सोपं. नाही सापडला तर चॅनेलला तारीख आणि वेळ देऊन मेल करा, सगळे उत्तर देतात असं नाही पण विचारायला काय जातं.

आणि बाकीच्यांसाठी, घरातलं कोणी टीव्हीवर येणार असेल तर बॉक्सवर विसंबू नका. खोलीत अंधार करा, मोबाइल पुस्तकांच्या ढिगावर टेकवून आडवा धरा आणि टीव्हीचाच व्हिडिओ काढा. हसू नका. चित्र थोडं पांढुरकं येईल, मध्येच कुकरची शिट्टी येईल, पण ती फाइल तुमची आणि ती कुठेही चालते. जरा बरं हवं असेल तर बॉक्सच्या मागे पिवळी-लाल-पांढरी वायर लावायची जुनी भोकं असतात, तिथून कॅप्चर कार्ड (टीव्हीचं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणारं छोटं यंत्र) लावून कॉम्प्युटरवर घेता येतं, घरच्यांपुरतं ठेवायला एवढं पुष्कळ झालं.

प्रश्न : माझे वडील ऐंशीच्या दशकात दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर एकदा गायले होते. काकांनी ते घरच्या व्हीसीआरवर रेकॉर्ड केलं होतं. ती टेप मी इकडे आणली. कसाबसा एक व्हीसीआर मिळवला तर चित्र काळंपांढरं आणि नुसतं वरखाली पळतंय. टेप खराब झाली का? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

बहुतेक नाही, चुकीच्या देशातलं मशीन आहे एवढंच. टीव्हीचं चित्र पाठवायची भारतात पाल पद्धत, ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी, ५२५ रेषा, ३० चित्रं. तुमच्या व्हीसीआरला आपली टेप वाचताच येत नाही, म्हणून ते चित्र पळतंय. त्याला दोन्ही पद्धती वाचणारा मल्टी-सिस्टिम व्हीसीआर लागतो. नवीन मिळायचा नाही, व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ साली उत्पादन थांबवलं. म्हणून टेपचं डिजिटल करून देणाऱ्याकडे द्या, मात्र "पाल चालतं का" हे आधी विचारा. किंवा पुढच्या फेरीत इकडे घेऊन या, पुण्यामुंबईत अजून ही कामं करणारे आहेत.

तोवर ती टेप पुन्हा कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. आधी झाकण उचलून उजेडात बघा, रिळाच्या कडेला पांढरी भुरी दिसली तर ती बुरशी आहे, आपल्याकडच्या कपाटात चाळीस पावसाळे काढलेल्या टेपला ती धरतेच. बुरशीवाली टेप चालवली तर टेपही जाते आणि मशीनचं टेप वाचणारं हेडही बरबटतं, म्हणून टेप ज्याला द्याल त्याला बुरशीचं आधी सांगायचं.

आता जागा. तीन तासांची अख्खी टेप चांगल्या डीव्ही फॉरमॅटमध्ये (चित्र फारसं न दाबता ठेवायची पद्धत) ठेवली तर तासाला १३ जीबीने ३९ जीबी होतात, आणि त्यात जाहिराती, बातम्या, काकांनी नंतर घेतलेला सिनेमा सगळं आलं. तसं करू नका. वडिलांचं गाणं समजा बारा मिनिटांचं आहे, तेवढंच डीव्हीत ठेवा, २.६ जीबीत बसेल. बाकीची टेप साध्या एमपी-फोरमध्ये घ्या, तीनचार जीबीत आटपेल. (मागेपुढे जाहिरातींची पाच मिनिटं मात्र चांगल्यातच ठेवा, वीस वर्षांनी गाण्याइतकीच मजा त्यात येते.) मग एक कॉपी तिकडच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, आणि एक इथे भावाबहिणीकडे.

आणि टेप कुणाच्याही हातात द्यायच्या आधी एक काम आजच करा. कॅसेटच्या ज्या कडेला लेबल असतं तिथे कोपऱ्यात प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते, ती स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका, म्हणजे चुकून कोणी रेकॉर्डचं बटण दाबलं तरी त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. आमच्या आत्याच्या लग्नाच्या कॅसेटची ती कोणी मोडली नव्हती. काकांनी त्यावर १९८७च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल घेतली, त्यामुळे आमच्याकडे सप्तपदीच्या पाचव्या पावलावर वानखेडे सुरू होतं आणि पुढे सगळा इंग्लंडचा ग्रॅहम गूचच आहे, स्वीपवर स्वीप मारतोय. आणि ती मॅच पण आपण हरलो.